वर्षभर वापरलेली गाडी घेताना आधी तारखा वाचाव्यात

आपला प्रश्न असा आहे की, जेमतेम वर्षभर वापरलेली, फारशी न धावलेली आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असलेली गाडी नव्या गाडीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळत असेल, तर त्यात धोका कोणता, काय तपासावे, आणि वॉरंटी पैसे भरून वाढवून घ्यावी का. त्यातच आपण लिहिले आहे की, ‘गाडी जवळजवळ नवीच आहे, तिच्यात तपासण्यासारखे काय असणार, असे घरचे म्हणतात.’ हे वाक्य आमच्या घरात मी इतक्यांदा ऐकले आहे की उत्तर थोडे लांबणार आहे.

माझे मत स्पष्ट आहे. दहा वर्षे वापरलेल्या गाडीपेक्षा वर्षभर वापरलेली गाडी अधिक बारकाईने तपासावी लागते. जुन्या गाडीत आपण झीज शोधतो आणि झीज डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते. क्लच घसरतो, सस्पेन्शन वाजते, धूर निघतो. वर्षभराच्या गाडीत यातले काहीच नसते, कारण झीज व्हायला वेळच मिळालेला नसतो. तिथे शोधायचा असतो तो गाडीचा इतिहास. आणि इतिहास लपवायला नवी गाडी फार सोयीची असते. जुन्या गाडीत बदललेला दिवा किंवा नवा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) लगेच डोळ्यात भरतो, कारण शेजारचा भाग उन्हाने फिका पडलेला असतो. वर्षभराच्या गाडीत सगळेच नवे असल्यामुळे बदललेला भाग मूळ भागांत बेमालूम मिसळून जातो.

मी बरीच वर्षे अपघातग्रस्त गाड्यांची विम्यासाठी पाहणी करणाऱ्या कार्यालयात काम केले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, अशीच एक गाडी पसंत केली. मालक सभ्य होता, कागदपत्रे नीट लावलेली होती, रंगावर एक ओरखडा नव्हता आणि किंमत मनाजोगती होती. बयाणा द्यायच्या आधी ‘एकदा नजर टाक’ म्हणून मला सोबत नेण्यात आले. नजर टाकून मान डोलवावी, एवढीच अपेक्षा होती. मी आधी दाराच्या खांबावरच्या पट्टीवर गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते पाहिले. मार्च. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. बेल्टच्या खालच्या टोकाला, जिथे तो बोल्टने बांधलेला असतो, तिथे बोटभर रुंदीची एक कापडी चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर भाग क्रमांक आणि तयार झाल्याची तारीख छापलेली असते. त्या चिठ्ठीवर सप्टेंबर होता. शेजारच्या सीटच्या बेल्टवरही सप्टेंबर. मागच्या सगळ्या बेल्टांवर फेब्रुवारी.

यातला हिशेब सोपा आहे. भाग आधी तयार होतो आणि गाडी नंतर, म्हणून मार्चच्या गाडीत फेब्रुवारीचा बेल्ट असणे स्वाभाविक आहे. मार्चच्या गाडीत सप्टेंबरचा बेल्ट असेल, तर तो नंतर बसवलेला असतो. पुढचे दोन्ही बेल्ट एकदम बदलण्याचे नेहमीचे कारण असे की, जोराच्या धडकेत बेल्ट घट्ट आवळणारी प्रीटेन्शनर नावाची यंत्रणा स्फोटक भुकटीवर चालते आणि एकदा उडाली की पुन्हा वापरता येत नाही. ती उडण्याइतकी धडक असेल, तर एअरबॅगही उघडल्या असण्याची शक्यता मोठी असते. बोनेट उघडून मी फेंडरचे बोल्ट पाहिले, तर पाना लागल्यामुळे त्यांच्या कडांवरचा रंग उडालेला होता. कारखान्यात पॅनल बसवल्यानंतर रंगवलेल्या गाडीत हे बोल्ट कडेपर्यंत रंगाने झाकलेले असतात. मालकाला विचारले, तेव्हा ‘पुढून किरकोळ धक्का लागला होता, बंपर बदलला’ असे उत्तर आले. तोपर्यंत धक्क्याचा उल्लेख एकदाही झालेला नव्हता.

परतताना दाजी माझ्यावर चिडले होते. ‘माणूस समोर उभा आणि तू त्याच्या गाडीचे पट्टे उपसत बसलास,’ हे त्यांचे पहिले म्हणणे. दुसरे असे की, काम कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये झाले असेल, तर गाडी पुन्हा नव्यासारखीच झाली. आणि तिसरे, वॉरंटी आहे की, मग घाबरायचे कशाला? त्यांनी ती गाडी घेतली नाही, पण हातची चांगली गाडी माझ्यामुळे गेली हे ते आजही चारचौघांत सांगतात. म्हणून या तीन मुद्द्यांना इथे उत्तर देतो. आपल्या घरचेही उद्या हेच बोलणार आहेत.

पहिला मुद्दा अपमानाचा. विकणाऱ्याला गाडीबद्दल सगळे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला फार थोडे, ही या व्यवहाराची मुळातली अडचण आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन हे मांडले. नुकतीच शोरूममधून बाहेर पडलेली गाडी लगेच एवढी स्वस्त का होते, याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण असे की, इतक्या लवकर विकायला निघालेली गाडी सदोष असण्याची शंका घेणाऱ्याच्या मनात असते आणि ती शंका किमतीत उतरते. या कामासाठी त्याला २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांसोबत विभागून मिळाले. म्हणजे कमी किमतीत शंकेचा वाटा आधीच धरलेला आहे, आणि शंका दूर करून घेणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे. प्रामाणिक मालकाला तपासणीचा फायदाच होतो, कारण त्याची गाडी चांगली असल्याचे दुसऱ्या कोणत्या मार्गाने सिद्ध होणार?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. आधुनिक गाडीच्या पुढच्या भागातले दांडे धडकेत ठरावीक पद्धतीने चुरगळण्यासाठी बनवलेले असतात, आणि एअरबॅग उघडायची की नाही याचा निर्णय त्या चुरगळण्याच्या वेगाशी जुळवलेला असतो. एअरबॅग फुगायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. तिथे थोडीशी चूकही महागात पडते. वाकलेला दांडा तापवून सरळ केला, तर उच्च ताकदीच्या पोलादाचे गुण बदलतात आणि ते वरच्या रंगावरून कधीच कळत नाही. शिवाय बदललेली एअरबॅग अस्सल होती याची खात्री कोण देणार? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१२ साली बनावट एअरबॅगबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यासाठी एक साधी गोष्ट अवश्य पाहावी. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दिव्याशी छेडछाड झाल्याचा संशय घ्यावा आणि तिथून निघावे.

तिसरा मुद्दा वॉरंटीचा; आपणही तिच्यावर विसंबून आहात, असे दिसते. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते. अपघाताने, पाण्याने किंवा बाहेरच्या दुरुस्तीने झालेले नुकसान तिच्यात बसत नाही, ठरलेल्या सर्व्हिस चुकवल्या असतील किंवा गाडी भाड्याने चालवली असेल, तर वर्कशॉप दावा नाकारू शकते, आणि तिची मुदत सहसा पहिल्या मालकाला गाडी मिळाल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून पैसे देण्याआधी चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे आणि वॉरंटी चालू आहे का, नव्या मालकाच्या नावावर होते का, कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर कोणते काम झाले आणि रिकॉलचे, म्हणजे दोष आढळल्यामुळे कंपनीने स्वतः गाड्या परत बोलावून करून द्यायचे काम बाकी आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. माहिती मालकाच्या संमतीनेच मिळत असेल, तर त्याला सोबत न्यावे. मालक यायला तयार नसेल, तर पुढे बोलू नये.

आता उरलेली तपासणी. तारखांचा नियम बेल्टपुरता नाही. दिव्यांच्या मागे, काचांच्या कोपऱ्यात आणि टायरच्या कडेला असेच आकडे असतात. टायरवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ हा २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी धावलेल्या गाडीला गाडीहून नवे टायर असतील, तर मूळ टायर कुठे गेले, हे विचारलेच पाहिजे. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, आणि पुट्टी भरून रंगवलेल्या जागी आकडा कित्येक पटींनी वाढतो. एकच आकडा पाहून निष्कर्ष काढू नये, डाव्या-उजव्या पॅनलची तुलना करावी. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या बोनेटसाठी तो धातू ओळखणारेच यंत्र लागते.

पाण्यात बुडालेली गाडी मला अपघाताच्या गाडीपेक्षाही अधिक भयंकर वाटते. आतला भाग धुऊन वाळवला की ती काही महिने उत्तम चालते आणि मग वायरिंगचे सांधे गंजून एकेक यंत्रणा बंद पडू लागते, तीही कोणत्याही क्रमाने. सीटखालच्या रुळांवरचे स्क्रू, गालिच्याखालचा फोम, स्टेपनीची खोबण आणि पूर्ण बाहेर ओढलेल्या बेल्टवरची मातकट रेघ, एवढे पाहावे. गाडीत सुगंधी द्रव्याचा वास अति असेल, तर काचा बंद करून थोडा वेळ आत बसावे आणि त्याखाली कुबट वास दडलेला नाही ना, हे पाहावे.

इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करून पाहावी. आपण पोहोचण्याआधीच ते गरम केलेले असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतल्या संगणकाशी जोडणी करण्याच्या जागेला, स्कॅनर लावला की नोंदलेले दोष दिसतात, हे सर्वांना माहीत असते. पण दोष पुसल्यापासून गाडी किती धावली, हेही बहुतेक गाड्यांत दिसते आणि ते कमी लोक पाहतात. तो आकडा पन्नास किलोमीटर असेल, तर काय पुसले आणि का, याचे उत्तर मागावे. स्कॅनरमध्ये दिसणारा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या आणि कागदावरच्या नंबराशी जुळवावा. थकलेले कर्ज, एकच चावी, आणि निर्मितीची तारीख व पहिली नोंदणी यांत मोठे अंतर, या तिन्हींबद्दल विचारावे, पण त्यांची समाधानकारक उत्तरे असू शकतात.

गाडी विजेवर चालणारी असेल, तर बॅटरीची उरलेली क्षमता अधिकृत केंद्रातून लेखी घ्यावी आणि गाडी उचलून बॅटरीच्या खालच्या कवचावर घासल्याच्या खुणा नाहीत ना, हे पाहावे. अनेक उत्पादक बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, पण खालून आपटून झालेले नुकसान त्यातही सहसा धरले जात नाही.

इतके लिहिल्यावर हेही सांगणे भाग आहे की बदललेला प्रत्येक भाग म्हणजे फसवणूक नव्हे. दगड लागून काच फुटते, पार्किंगमध्ये बंपर घासतो, आणि कंपनी स्वतःही रिकॉलमध्ये बेल्ट बदलून देते. अशा कामाची नोंद असते आणि ती दाखवता येते. नोकरी बदलते, कुटुंब वाढते, कर्जाचे हप्ते जड होतात, म्हणून माणसे चांगल्या गाड्या विकतातही. दाजींनी नाकारलेली गाडी पुढे दुसऱ्या कोणाकडे व्यवस्थित चालली असेलही. माझा आक्षेप तेव्हाही एवढाच होता की, जोराची धडक बसलेल्या गाडीची किंमत धडक न बसलेल्या गाडीएवढी मागितली जात होती आणि ते आम्हाला विचारल्याशिवाय सांगितले गेले नव्हते. दुरुस्तीची बिले समोर ठेवून किंमत कमी केली असती, तर बोलणी पुढे गेली असती.

वाढीव वॉरंटीबद्दल आपण विचारले होते. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची असेल आणि मूळ वॉरंटी संपायला थोडाच काळ उरला असेल, तर घ्यावी, विशेषतः ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो असलेल्या गाडीला. तिऱ्हाईत कंपनीची असेल, तर काय भरून मिळणार नाही त्याची यादी आधी वाचावी. मात्र हा विचार गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून झाल्यानंतरचा आहे, आणि ती लिफ्ट विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजमधली नसावी.