कणकुंबीकडच्या डोंगरावर पहिल्यांदाच चढणार असशील तर

अरे मर्दा, बेळगावजवळचा राजहंसगड गाडीनं वरपर्यंत जाऊन आलास म्हणून इकडं तसंच समजू नकोस की. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या मागचे डोंगर लोक चढत नाहीत, त्यामुळं पायवाट असली तर ती गुरांची, आणि ती मध्येच कारवीच्या झुडपांत गायब होते.

पहिलं म्हणजे फॉरेस्टवाल्यांना विचार. भीमगड अभयारण्य झालंय 2011 पासून, परमिशनशिवाय आत घुसायचं नाही, आणि अस्वलं खरंच आहेत तिथं.

पावसाळ्यात तर नकोच. जांभ्या दगडावर शेवाळ आलं की बूट कुठलाही असू दे, सटकतोच. मी आणि माझा दोस्त डिसेंबरात गेलो होतो, तरी वाळक्या गवतावरनं तो असा घसरला की हातात आलेलं कारवीचं खोड मुळासकट उपटून आलं, नशीब खाली सपाट खडक होता. तेव्हापासून झुडपाला धरून वजन टाकायचं नाही, आधी दगड हलवून बघायचा, तीन टेकू पक्के असल्याशिवाय चौथा हात-पाय उचलायचा नाही. दोघं असाल तर एकाखाली एक चढू नका, वरच्याच्या पायाखालचा दगड थेट डोक्यात येतो.

आणि चढताना सारखं मागं वळून बघ, कारण उतरतानाच जास्त फाटते. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर गपचूप माघारी, बिडी-बिडी तर अजिबात नको. पाणी दोघांत सहा लिटर. दुपारी एकला शिखर नाही आलं तरी फिरायचं, तेवढ्यावरनं भांडण झालं तरी चालतंय.