सरता काळ की सरकता काळ?

प्रश्न असा आहे: "आयर्न मॅनच्या पहिल्या कॉमिकमध्ये टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होतो, सिनेमात अफगाणिस्तानात. माणूस तोच, वयही साधारण तेच. या युक्तीला इंग्रजीत 'स्लायडिंग टाइमस्केल' म्हणतात. मी लेखात 'सरता काळ' लिहिलं, संपादकांनी 'सरकता काळ' केलं. बरोबर काय?"

संपादकांचं बरोबर आहे. 'बाजूला सर', 'मागे सर' असं आपण म्हणतो, तिथे सरणं हालचालीचंच असतं, हे खरं. पण सरणं काळाला जोडलं की अर्थ पालटतो. सरतं वर्ष, सरती रात्र, सरले ते दिवस: इथे काळ संपत चाललेला आहे. या कॉमिक्समध्ये नेमका तोच संपत नाही. गोष्ट आहे तशी शाबूत राहते, फक्त तिची जागा पुढे जाते. हे सरकणं. सरकता जिना आपण रोज म्हणतो. शिवाय अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'सरकती योजना' आहेच. 1978 साली जनता सरकारने आणलेल्या त्या योजनेत दरवर्षी मागचं एक वर्ष गळायचं आणि पुढचं एक जोडलं जायचं. कॉमिक्सचा हिशेब अगदी असाच चालतो. नायकाची सुरुवात कायम 'दहा-पंधरा वर्षांपूर्वी' झालेली असते, आणि ती दहा-पंधरा वर्षं आजपासून मागे मोजायची.

स्टार्कचंच बघा. मार्च 1963 चा अंक. जंगलात पायाला तार अडकते, स्फोट होतो, छातीत शिरलेले तुकडे हृदयाकडे सरकू लागतात आणि कैदेत प्रोफेसर यिन्सेनच्या मदतीने तो चिलखत घडवतो. 2005 च्या कॉमिकने आणि 2008 च्या सिनेमाने छातीतले तुकडे ठेवले, यिन्सेन ठेवला, कैद ठेवली. संगीत नाटकात जंगलाचा रंगवलेला पडदा वर जाऊन डोंगराचा खाली यावा आणि नट जागचा हलू नये, तसं. हे जमतं, कारण स्टार्कला कुठलं तरी युद्ध हवं होतं, व्हिएतनामचंच हवं असं नव्हतं. दर वीस वर्षांनी पडदे बदलण्याचा त्रास वाचावा म्हणून ही कॉमिक्स काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने 2019 मध्ये सियानकाँग नावाच्या कल्पित देशातलं युद्धच पुढे आणलं. दुसऱ्या महायुद्धात लढलेले 'फँटास्टिक फोर'मधले रीड रिचर्ड्स आणि बेन ग्रिम त्यात गेले, व्हिएतनामचा सैनिक असलेला पनिशरही गेला. सोय झाली, पण मला ती पटत नाही. खऱ्या युद्धाला तारीख असते, वाचकाच्या घरातलं कुणी तरी त्यात गेलेलं असतं. सियानकाँगहून कुणाचंच पत्र आलेलं नाही.

म्हणून तुमच्या लेखासाठी एक आग्रह. 'सरकता काळ' सगळ्यांना लावू नका. कॅप्टन अमेरिकाला तो लागतच नाही. त्याचा पहिला अंक मार्च 1941 चा, मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतोय, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. ते महायुद्ध काढलं तर कॅप्टन उरतच नाही. म्हणून त्याला बर्फात गोठवलं. 1964 च्या अंकात तो शुद्धीवर आला तेव्हा वीसेक वर्षं झोपला होता, 2011 च्या सिनेमात जवळजवळ सत्तर. निजण्याची वेळ जागच्या जागी, उठण्याची पुढे पुढे. इथे सरकतो तो काळ नाही, झोप ताणली जाते. आपल्याकडे याला माणूसच आहे: मुचकुंद. देवांच्या बाजूने असुरांशी लढून थकलेला हा राजा वर म्हणून झोप मागतो, गुहेत निजतो, आणि कालयवनाच्या लाथेने जागा होऊन बाहेर येतो तेव्हा माणसं, झाडं सगळंच खुजं झालेलं असतं. मी तर कॅप्टनबद्दल लिहिताना बिनदिक्कत 'मुचकुंदी झोप' लिहीन.

'एक्स-मेन'चा शत्रू मॅग्नेटो, त्याची गोष्ट याहून अवघड. ऑशविट्झमधून वाचलेला पोरगा हा त्याचा भूतकाळ कॉमिक्समध्ये 1981 पासून पक्का होत गेला. ती छळछावणी दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या दशकात नेणं म्हणजे त्याचा संतापच खोटा पाडणं, आणि तिथे मेलेल्यांचाही अपमान. सुदैवाने 1974 च्या एका कथेत त्याला तान्हं बाळ करून टाकलं होतं आणि पुढे दुसऱ्या कथेत पुन्हा ऐन उमेदीतला पुरुष. म्हणून म्हातारपण टळलं. याला शब्द शोधावा लागत नाही, च्यवन ऋषींपासून चालत आलेला 'कायाकल्प' आहे.

आपल्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमने, तर तिसरीच वाट धरली: मुखवटा बापाकडून मुलाकडे, आणि जग समजतं तो अमर आहे. तिथे 'गादी चालवणे' चपखल बसतं.

तुमच्या लेखात 'रेटकॉन'ही आहे, म्हणजे आधी छापलेल्या गोष्टीचा भूतकाळ मागाहून बदलणं. तो शब्द तसाच देवनागरीत ठेवलात तरी चालेल. पण ज्या 'रेट्रोअॅक्टिव्ह'वरून तो आला, त्याला सरकारी मराठीत चांगला रुळलेला शब्द आहे. पगारवाढ 'पूर्वलक्षी प्रभावाने' लागू झाली, असं शासन निर्णयात असतंच. रीड रिचर्ड्सचं महायुद्ध पूर्वलक्षी प्रभावाने रद्द झालं, हे वाक्य माझ्या कानाला अजिबात खटकत नाही. 'प्रक्षेप' मात्र तिथे वापरू नका. प्रक्षेप मूळ ग्रंथात परका हात घालतो. इथे बदल करणारी पुस्तकाची मालकीण कंपनीच आहे.