वडिलांना ४८व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर निघाला; ऑपरेशन झालंय, पुढच्या महिन्यात केमो सुरू होईल. माझं वय २४, आणि माझ्या जीन-तपासणीच्या रिपोर्टात ‘जीएसटीएम१ नल’ आलंय. डिटॉक्स पावडर घ्यावी का?

घेऊ नका. मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जीएसटीएम१ हे एन्झाइम काही घातक रेणूंना ग्लुटाथायॉन जोडून त्यांना शरीराबाहेर काढायला मदत करतं. तुमच्याकडे तो जीनच नाही, आणि नसलेला जीन पावडरीने येत नाही. पण असे धडधाकट लोक आपल्याकडे सर्रास आहेत. त्याच कुळातली दुसरी एन्झाइमं बरंचसं काम सांभाळून घेतात. आतड्याच्या कॅन्सरशी याचा संबंध अभ्यासांत फार तर क्षीण दिसतो.

शिवाय शरीरातली अशी एन्झाइमं दर वेळी विष मारतातच असं नाही. मटण, मासळी करपली की हेटेरोसायक्लिक अमाइन्स नावाची रसायनं तयार होतात. यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम त्यांचं रूप बदलतं, मग नॅट२ हे दुसरं एन्झाइम त्यांवर अॅसिटिल गट चढवतं, आणि तेव्हा कुठे ती डीएनएला चिकटून घातक ठरतात. हेच नॅट२ टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाला मात्र निष्प्रभ करतं. त्यामुळे ‘एन्झाइमं वाढवा’ हा सल्लाच अर्धवट आहे. करपलेला भाग काढून टाका, सॉसेज-सलामी टाळा. कोबी, मुळा भाजी म्हणून जरूर खा.

मला खरी काळजी वाटते ती वडिलांच्या वयाची. ४८ म्हणजे लवकर. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत जपलेला असेल. त्यावर एमएमआर तपासणी (पेशींची डीएनए-दुरुस्ती नीट चालते का, याची) झाली का, ते आधी विचारा. त्यात दोष निघाला तर लिंच सिंड्रोमसाठी (आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषासाठी) वडिलांची जीन-तपासणी करावी लागेल. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा सल्ला मिळतो. वडिलांना लिंच ठरलं तर पुढची रक्ततपासणी तुमची, आणि तुमच्यातही तोच दोष आढळला तर २४व्या वर्षीही कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) लांबवू नका. पुढे ती दर एक-दोन वर्षांनी करावी लागते. लिंच नसेल तर वडिलांच्या निदानाच्या वयातून १० वजा करा, म्हणजे ३८व्या वर्षी पहिली. मधल्या काळात शौचातून रक्त गेलं तर मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका.

एका एन्झाइमची तपासणी मात्र तुमच्या घरात आत्ता खरंच उपयोगी आहे, तीही वडिलांची: डीपीडी. पुढच्या महिन्यात त्यांची केमो सुरू होणार म्हणता. त्यात फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन असेल, तर ते औषध मोडून काढायचं काम मुख्यतः डीपीडी करतं. ते फार कमी असलं तर नेहमीचा डोससुद्धा जिवावर बेतू शकतो. पहिल्या सायकलच्या आधीच ऑन्कॉलॉजिस्टना याबद्दल विचारा, आणि ती पावडर वडिलांनाही देऊ नका.