थकव्यावर कॉर्टिसोलची गोळी घ्यावी का?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात थायरॉइडवर लिहिलं आणि मराठवाड्यातून पत्रांचा ढीग आला. त्यातली बरीच पत्रं थायरॉइडपेक्षा स्टिरॉइडबद्दल आहेत, म्हणून या वेळी सदराचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

प्रश्न : वय ३८, शिक्षिका आहे. थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच ६.८ आला. वजन वाढतंय, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत याला 'अ‍ॅड्रिनल फटीग' म्हणतात असं ऐकलं. उपाय म्हणून सकाळी मीठ-लिंबाचं पाणी, जेष्ठमध आणि हायड्रोकॉर्टिसोन ५ मिग्रॅ दिवसातून चार वेळा सांगितलंय. थायरॉइडच्या गोळीऐवजी हे चालेल का? (लातूर)

ताई, हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे शरीरात बनणाऱ्या कॉर्टिसोल या हार्मोनचीच स्टिरॉइड गोळी, सुरू करू नका. 'अ‍ॅड्रिनल फटीग' हे नाव १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका निसर्गोपचारवाल्याने पुढे आणलं. ताणाने मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमतात आणि कॉर्टिसोल कमी पडतं, असा त्याचा दावा. २०१६ मध्ये या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा या आजाराला आधार सापडला नाही. तुमचा थकवा खोटा आहे असा याचा अर्थ नाही. कारण मात्र दुसरीकडे शोधायला हवं.

आता त्या डोसचा हिशेब पाहा. ५ मिग्रॅ चार वेळा म्हणजे दिवसाला २० मिग्रॅ. ज्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी झाल्या आहेत, त्यांना पूर्ण दिवसासाठी १५ ते २५ मिग्रॅ देतात. म्हणजे तुम्हाला सांगितलेली 'थोडीशी मदत' ही अख्ख्या ग्रंथीची बदली आहे. बाहेरून एवढं कॉर्टिसोल आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला हुकूम देणं थांबवते आणि चांगली चालणारी ग्रंथी झोपी जाते. यात फसगत कुठे होते? स्टिरॉइडने पहिले काही आठवडे खरंच तरतरी येते, भूक लागते, सांधे मोकळे वाटतात. मग गोळी बंद केली की माणूस गळून जातो, आणि 'बघा, मला कॉर्टिसोल कमीच होतं' असं त्याला वाटतं. ती कमतरता गोळीनेच तयार केलेली असते.

जेष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. त्यात मिठाचं पाणी म्हणजे दुहेरी भार. अशा 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' डब्यांत बहुतेकदा अश्वगंधाही असते. तिने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे हलू शकतात आणि काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. लाळेच्या कॉर्टिसोलचं महागडं पॅकेजही नको.

खरा अ‍ॅड्रिनलचा आजार, म्हणजे अ‍ॅडिसन, वेगळा दिसतो. वजन घटतं. उठून उभं राहिलं की अंधारी येते, मळमळ आणि उलट्या होतात, मीठ खावंसं वाटतं. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळपट पडतात. तुमचं वजन वाढतंय, तेव्हा संशय कमीच. तरी शंका असेल तर सकाळी ८ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल तपासा. ३ मायक्रोग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली आलं तर आजार जवळपास नक्की, १५ ते १८ च्या वर असेल तर जवळपास नाही. मधल्या आकड्याला एसीटीएचचं (पिट्युटरीच्या त्या हुकमाच्या हार्मोनचं) इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेतात. दुपारी चार वाजता काढलेल्या रक्ताचा आकडा वाचून घाबरू नका, त्या वेळी तो कमीच असतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांनी आकडा फुगतो.

टीएसएच ६.८ हा काठावरचा आकडा आहे. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेली प्रतिपिंडं) एकदम करा. फ्री टी४ कमी असेल, टीएसएच १० च्या वर गेला किंवा दिवस राहिले असतील, तर गोळी लागते. एरवी ठरवायला वेळ आहे. आणि त्याच सुईत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ आणि तीन महिन्यांची साखर बघून घ्या. आमच्या मते शाकाहारी घरातल्या, मासिक पाळी चालू असलेल्या बाईच्या थकव्यात आधी लोह आणि बी१२ बघावं, हार्मोन नंतर.

जेवणात काय करायचं? ज्वारीची भाकरी आहे तशी ठेवा, पण पिठलं-भाकरीवर दिवस काढू नका. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण, मटकी किंवा हरभरा हवा. पालेभाजीवर लिंबू पिळा, कारण भाजीतलं लोह आंबटाबरोबर जास्त लागू पडतं. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, तासभर थांबा. बी१२ साठी दूध-दही घ्या, पण आकडा फार खाली असेल तर त्याने भागत नाही, गोळी किंवा इंजेक्शन लागतं.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. गुडघेदुखीसाठी दोन वर्षं एका वैदूच्या पुड्या घेत होते, जादूसारखा गुण आला. आता चेहरा सुजलाय, पोट सुटलंय, साखर वाढली. पुड्या बंद केल्या तर तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, बिछान्यातून उठवेना. पुन्हा एक पुडी दिली तर तासाभरात बरे. हे व्यसन आहे का? (जालना जिल्हा)

दादा, व्यसन नव्हे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून पुडीत स्टिरॉइड असणार, बहुधा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन. ०.५ मिग्रॅची एक डेक्साची गोळी सुमारे १३ मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनच्या तोडीची असते. दोन गोळ्या कुटून पुडीत घातल्या तर शरीराची रोजची गरज ओलांडली गेली. दोन वर्षांत वडिलांच्या ग्रंथी झोपल्या आहेत, म्हणून पुडी थांबताच शरीराकडे काहीच उरलं नाही. गोल चेहरा, पातळ कातडी, जरा लागलं की काळे-निळे डाग, बसल्या जागेवरून हाताचा आधार घेऊन उठणं, ही सगळी त्याच दुखण्याची रूपं. तळहात काळे झालेले दिसणार नाहीत, कारण इथे दोष पिट्युटरीच्या हुकमात आहे. अ‍ॅडिसनमध्ये ग्रंथीच मेलेली असते.

यात सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे रागाने पुड्या उकिरड्यावर टाकून देणं. उरलेल्या पुड्या घेऊन फिजिशियनकडे जा, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखवलं तरी चालेल. डॉक्टर पुडीऐवजी मोजलेलं प्रेडनिसोलोन सुरू करतात, ते हळूहळू ५ मिग्रॅपर्यंत आणतात. तिथून पुढे दर चार आठवड्यांना १ मिग्रॅ अशी गती ठेवतात. मग शेवटच्या गोळीनंतर २४ तासांनी, सकाळी, आजची गोळी घेण्याआधी कॉर्टिसोल तपासतात. १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर गोळी थांबवता येते. ५ च्या खाली असेल तर ग्रंथी अजून जागी नाही, गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहायचं. ग्रंथी जागी व्हायला कित्येक महिने, काहींना वर्षाहून जास्त लागतात. उतरवताना अंग दुखेल, गुडघे पुन्हा बोलतील. तेव्हा 'पूर्वीची पुडीच बरी' म्हणणारे शेजारी भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

या काळात ताप, जुलाब, अपघात, दात काढणं किंवा ऑपरेशन, काहीही असलं तरी डॉक्टरला 'स्टिरॉइड चालू आहे' हे आधी सांगायचं. साखर आणि रक्तदाब दर आठवड्याला, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सल्ल्याने.

प्रश्न : बाळंतपणात बायकोला फार रक्तस्राव झाला, रक्ताच्या बाटल्या लावल्या. अंगावर दूध आलंच नाही, तीन वर्षं झाली, पाळीही नाही. थकवा खूप. टीएसएच २.१ म्हणून 'थायरॉइड नाही' म्हणाले. दुसरीकडे फ्री टी४ फार कमी निघाला, थायरॉक्सिन १०० चालू केलं, तर आठवड्यात उलट्या होऊन बेशुद्ध पडली. गोळी सोसली नाही का? (नांदेड जिल्हा)

गोळीत दोष नव्हता, क्रम चुकला. प्रचंड रक्तस्रावाने पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती वाळते, याला शीहान सिंड्रोम म्हणतात. दूध न येणं आणि पाळी न परतणं ही त्याची ठळक खूण. टीएसएच पिट्युटरीच बनवते, त्यामुळे ती बिघडली की टीएसएच साधा दिसतो आणि फ्री टी४ तळाला असतो. अशा रुग्णात नुसत्या टीएसएचवर विसंबून चालत नाही, पुढेही डोस फ्री टी४ बघूनच ठरतो.

याच रुग्णांत कॉर्टिसोलही कमी असतं. थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, कॉर्टिसोल लवकर संपतं, आणि जे थोडं उरलं होतं तेही पुरत नाही. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन, हा नियम मोडायचा नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञाकडे) न्या, सोबत बाळंतपणाची कागदपत्रं असू द्या. उलटाही एक प्रकार असतो. अ‍ॅडिसनमध्ये कॉर्टिसोल नसल्यामुळेच टीएसएच थोडा चढतो आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर आपोआप उतरतो. तिथे घाईने दिलेली थायरॉइडची गोळी घातक ठरते.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चहाबरोबर चालते का? बाजरी, कोबी बंद? सैंधव मीठ चांगलं म्हणतात. उन्हाळ्यात गोळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात का? (परभणी, धाराशिव, हिंगोली इथून आलेली पत्रं एकत्र)

गोळी साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. पहाटे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या, रोज एकच वेळ धरा. एकादशीला पाण्याबरोबर गोळी घेतली तर उपास मोडत नाही. रोजे असतील तर सहरीच्या अर्धा तास आधी किंवा रात्री झोपताना.

शिजवलेला कोबी खुशाल खा. बाजरीत थायरॉइडला अडवणारी द्रव्यं आहेत खरी, पण आयोडीन पुरेसं असताना हिवाळ्यातल्या भाकरीने काही बिघडत नाही. गोळी चालू असेल तर प्रश्नच नाही. सैंधव आवडत असेल तर उपासापुरतं. त्यात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं, आणि रोजच्या स्वयंपाकात मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. आयोडीनचं मीठ झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीशेजारी उघडं नको.

गोळ्यांची बाटली फ्रिजमध्ये नको, दमट होते. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत, खिडकीतही नको. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, मूळ बाटलीत, आतली ओल शोषणारी पुडी न काढता. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, नाहीतर अहवाल उलटासुलटा येतो.

प्रश्न : बहिणीला अ‍ॅडिसन आहे. हायड्रोकॉर्टिसोन १०-५-५ आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन १०० मायक्रोग्रॅम. नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचं म्हणते. जाऊ द्यावं का? (पैठण)

प्रकृती स्थिर असेल तर जाऊ द्या, पण तयारीनिशी. निघण्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा. उन्हात घाम जाणार, म्हणून शरीरातलं मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवायचं का आणि लांबच्या मजलेच्या दिवशी ५ मिग्रॅ जास्त घ्यायचे का, हे लेखी घ्या. १० ची गोळी उठल्याबरोबर, ५ दुपारी बाराच्या सुमारास, शेवटची चार-पाचपर्यंत. त्यानंतर घेतली तर झोप उडते. एकादशीलाही एकही गोळी चुकवायची नाही. पिण्याला मीठ घातलेलं ताक आणि ओआरएस. नारळपाण्यावर भिस्त नको, त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असतं. अ‍ॅडिसनवाल्याला नेमकं उलट हवं.

ताप ३८ अंशांना (१००.४ फॅरनहाइट) पोचला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, ३९ च्या वर तिप्पट, ताप उतरेपर्यंत. मग नेहमीच्या डोसवर. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी पुन्हा द्या. तीही पडली तर वाट बघायची नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन मांडीत, आणि लगेच सलाइनसाठी दवाखाना. इंजेक्शनची कुपी, पाण्याची कुपी आणि सिरिंज दिंडीतल्या दोघांना तरी ठाऊक असाव्यात, भरायचं कसं हे एकदा नर्सकडून शिकून घ्या. गळ्यात किंवा पिशवीत कार्ड : 'अ‍ॅडिसन, स्टिरॉइडवर अवलंबून, बेशुद्ध दिसल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ द्या.' तिचा आजार क्षयामुळे असेल आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू असेल तर ते हायड्रोकॉर्टिसोन झपाट्याने मोडतं, नेहमीचा डोस अपुरा पडतो. तेव्हा यंदाची वारी पुढे ढकला.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो. बायकोला थायरॉक्सिन ७५ चालू आहे. पहाटे तीनला उठावं लागतं. गोळी आणि तपासणी कशी जमवायची? (बीड)

तीनला उठल्याबरोबर गोळी, चार घोट पाण्याबरोबर. चहा चूल पेटून होईपर्यंत अर्धा तास आपोआप जातो. निघण्याआधी टीएसएच करा. डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करायचा असतो, म्हणून बदल दसऱ्याच्या खूप आधी करून घ्या. १०० गोळ्यांच्या दोन बाटल्या सोबत न्या, सहा महिने निघतात. कोपीत बाटली पत्र्याला लागून नको, कपड्यांच्या गाठोड्यात मधोमध ठेवा. एक दिवस चुकला तर आठवेल तेव्हा घेतली तरी चालते. आठवडाभर चुकली म्हणून एकदम सात गोळ्या घ्यायच्या नाहीत, छाती धडधडते. पाळी चुकली तर मुकादमाच्या परवानगीची वाट न बघता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी करा. दिवस असतील तर त्याच आठवड्यापासून, डॉक्टरला विचारून, आठवड्याला दोन गोळ्या जास्त, म्हणजे सातच्या जागी नऊ, आणि दर चार आठवड्यांनी टीएसएच.