लिस्बनला राहायला येताय? जेवणखाणाचं हे आधी वाचा

तुम्ही दोघं फोंड्याहून येताय, अरोयुश-आंजुश भागात घर बघताय, आणि विचारताय की तिथे आपलं जेवण करता येईल का, बाहेर कुठे खावं, बॅगेत काय भरावं. आम्ही नवरा-बायको याच भागात राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जागा चांगली निवडलीत. मेट्रोच्या हिरव्या लाइनवर मार्तीं मोनीश, इंतेंदेंत, आंजुश, अरोयुश ही स्टेशनं ओळीने येतात आणि वरून अल्मिरांत रैश हा एकच लांब रस्ता जातो. या पट्ट्यात किराणा, भाजी, मासळी सगळं पायी आणता येतं. भाडं वाचवायला लांब गेलात तर खोबरं आणि उडदाच्या डाळीसाठी दर आठवड्याला ट्रेन धरावी लागेल.

किराण्यासाठी मार्तीं मोनीश. चौकातल्या मोरारीया शॉपिंग सेंटरमध्ये आणि मागच्या बेन्फोर्मोझु रस्त्यावर भारतीय, बांगलादेशी दुकानं आहेत. डाळी, पोहे, रवा, कढीपत्ता आणि किसलेलं फ्रोझन खोबरं तिथून घ्या. सुपरमार्केटातलं सुकं किसलेलं खोबरं हुमणाला, म्हणजे खोबऱ्याच्या रसातल्या मासळीच्या कालवणाला, घेऊ नका, कितीही भिजवलं तरी रस दाणेदारच राहतो. फ्रोझन खोबरंही थंड असतानाच मिक्सरला वाटलं तर बिघडतं. खोबऱ्याचं तेल साधारण 24 अंशांखाली गोठतं, मग वाटण गुळगुळीत होत नाही आणि वर पांढरे कण तरंगतात. पूर्ण वितळू द्या आणि कोमट पाणी घालून वाटा. अर्ध्या नारळाच्या जागी 150 ग्रॅम धरा.

पोळ्यांचं पीठही तिथलंच आणा. पिंगु दोस किंवा कोन्तिनेन्त या सुपरमार्केटांमधलं अख्ख्या गव्हाचं पीठ पावासाठी असतं, कोंडा जाड, पोळी लाटताना कडा फाटतात. कोथिंबिरीची मात्र काळजी नको. पोर्तुगीज स्वयंपाकात ती भरपूर लागते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातही ताजी जुडी मिळते. पेजेला कारोलीनु तांदूळ घ्या, छान दाट होते. ‘वापोरिझादु’ म्हणजे उकडा खरा, पण पॉलिश केलेला, आपल्या उकड्या तांदळाची चव त्याला नाही.

बॅगेत काय भरायचं ते नीट ऐका, कारण इथे विमानतळावर माल जप्त होतो. युरोपियन युनियनच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे गोंयची चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नको, तूप नको, पेढेही नकोत. ताजी फळं, भाजी, पानं, बियाणं यांना रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो, त्यामुळे मानकुराद आंबे आणि ताजा कढीपत्ता घरीच ठेवा. नारळ, केळी, अननस, फणसासारखा दिसणारा डुरियन आणि खजूर एवढ्यांना मात्र दाखल्यातून सूट आहे. सुकी मासळी चालते, माणशी 20 किलोपर्यंत, तेव्हा गालमो (सुकी बारीक कोळंबी) आणि सुके बांगडे बिनधास्त आणा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोलां (आमसुलं) आणि तिरफळां (मासळीत घालायचं मसाल्याचं फळ). ती इथे मिळतील या भरवशावर राहू नका, वर्षाची बेगमी करूनच या. तूप घरी कढवा. लोणी घेताना पाकिटावर ‘सें साल’ लिहिलेलं बघा, नाहीतर खारट लोणी गळ्यात पडेल. 250 ग्रॅम लोण्याचं साधारण 200 ग्रॅम तूप होतं.

आता मासळी. अरोयुशचा गोल बाजार 1942 चा आहे, सकाळी लवकर जा. बांगड्याच्या जागी ‘कावाला’ घ्या. तो आपल्या बांगड्यापेक्षा तेलकट, म्हणून हुमणात सोलां दोन जास्त टाका, अर्धा किलोला सात-आठ. तारल्यांच्या जागी ‘सार्दीन्या’, जूनपासून पुढे चरबी भरते तेव्हा. सांत आंतोनियुच्या सणाला, 12 जूनच्या रात्री, अख्खं शहर ती भाजत असतं. मासळीवाली विचारते कशाला हवीय. तळायला असेल तर ‘पारा फ्रितार’ म्हणा, तुकडे हवे असतील तर ‘आश पोश्तश’. डोकी हवी असल्यास आधीच सांगा, नाहीतर ती सरळ टाकून देतात.

तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, ‘आमेइजुआ’ म्हणतात. लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम मीठ घालून दोन तास ठेवा, वाळू सोडतात. जाळीच्या पिशवीवर अधिकृत लेबल असेल तरच घ्या. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेकदा तेजु नदीच्या मुखातून चोरून काढलेल्या असतात, ते पाणी दूषित आहे. सोमवारी मासळी मागूच नका. रविवारी होड्या जात नाहीत, फळ्यावर असतं ते शनिवारचं. आपला सोमवार शिवराकच (शाकाहारी) असतो, तेव्हा तुमचं काही अडणार नाही.

बाहेर खायला दुपार चांगली. साध्या हॉटेलात ‘प्रातु दु दीया’ ही त्या दिवसाची थाळी रात्रीच्या मेनूपेक्षा बरीच स्वस्त पडते. ‘दोझ’ बहुधा दोघांना पुरते, ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या पदार्थाचे पैसे घेता येत नाहीत, तसा कायदाच आहे.

बीफ खात नसाल तर पेस्टरीच्या काउंटरवर सांभाळा. ‘क्रोकेत’ जवळपास नेहमी गाईच्या मांसाचं असतं आणि ‘शामुसा’, म्हणजे आपला सामोसा, तोही बऱ्याचदा. ‘रिसोल द कामारांव’ सुंगटांचं (कोळंबीचं), ते खुशाल खा. काल्दु वेर्द नावाच्या हिरव्या सूपमध्ये डुकराच्या चोरीसची चकती असते.

गोंयच्या चवीची आठवण झालीच तर मोरारीयात तेन्तासोंइश द गोआ हे हॉटेल आहे. तिथली शागुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातलं मटण किंवा कोंबडी) मागवा. जेवण ख्रिस्ती घरातलं आहे, आपलं खतखतें (मिश्र भाज्यांचं) किंवा तोंडाक (कडधान्याचं) शोधू नका. निव्वळ शिवराक हवं तेव्हा लुमियारच्या राधाकृष्ण मंदिराच्या कॅन्टीनमध्ये दुपारी जा. मोझांबिकहून आलेल्या गुजराती लोकांनी हा समाज उभा केला, म्हणून डाळ थोडी गोड लागते. कोळंबी-खेकडे पोटभर खायचे असतील तर 1956 पासून चालणारं रामीरु, अल्मिरांत रैशच्या सुरुवातीलाच. बिल मोठं येतं आणि रांगही असते, लवकर पोचा.

लहान हॉटेलं रविवारी बंद असतात, ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडेही. काही ठिकाणी भारतातलं कार्ड चालत नाही, खिशात वीस युरो रोख ठेवा. आणि काउंटरवर ‘कोंत्रिब्युइंत?’ विचारलं की तुमचा निफ, म्हणजे इथला कर-क्रमांक, सांगा, अगदी एका कॉफीसाठीसुद्धा. हॉटेलच्या बिलातल्या व्हॅटच्या 15 टक्के रक्कम आयकरातून वजा होते, घरामागे वर्षाला 250 युरोपर्यंत. फेब्रुवारीत ई-फातुराच्या, म्हणजे कर खात्याच्या बिलांच्या, साइटवर बिलं तपासून घ्यायची तेवढी आठवण ठेवा.