रावेरच्या ऑफिसात पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) बसवलं. मेल येतात, पण बाहेर जात नाहीत. का?

तुमच्या ब्रॉडबँडवर बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट बंद असणार. पोस्टफिक्समध्ये 'रिलेहोस्ट' (आपले मेल पुढे पोहोचवणारा दुसरा सर्व्हर) देऊन ५८७ वरून लॉगिनसह मेल पाठवा. सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल २५ वरूनच जातो, आणि स्पॅम रोखायला बऱ्याच इंटरनेट कंपन्या तोच अडवतात. मेल लॉग उघडा: 'कनेक्शन टाइम्ड आउट' प्रत्येक ओळीत दिसलं तर कारण हेच. अडकलेले मेल लगेच पुसू नका, पोस्टफिक्स ते मुळातच पाच दिवस रांगेत ठेवतं.

मात्र लॉगमध्ये समोरच्या सर्व्हरचा ५५० क्रमांकाचा नकार दिसला, तर पोर्ट उघडा आहे. मग एसपीएफ (डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती नोंद) आणि आयपीची पीटीआर नोंद (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) तपासा. पीटीआर डोमेन विकणाऱ्याकडे मागू नका (सगळे आधी तिथंच जातात), ती स्टॅटिक आयपी देणारी इंटरनेट कंपनीच लावते.