जास्वंदीच्या फांद्या पोस्टाने पाठवायच्या आहेत, वाटेत कुजू नयेत म्हणून पॅकिंग कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की देवरुखला आईच्या परसात लालभडक डबल जास्वंद आहे, ती नागपूरला बहिणीला पाठवायचीय, आणि मे महिन्यात ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलेल्या सहाच्या सहा फांद्या काळ्या पडून पोचल्या. ताई, सगळ्यात आधी एक सांगते, त्या फांद्या सुकून मेल्या नाहीत, कुजून मेल्या. आपल्याला वाटतं वाटेत पाणी कमी पडेल म्हणून आपण जास्त पाणी घालतो, आणि तिथेच चुकतं. ओल फक्त बुडाला हवी, बाकी फांदी कोरडी, एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

माझ्याकडूनही अगदी हेच झालं होतं. आमच्याकडे साताऱ्याला सासूबाईंनी लावलेला गावठी गुलाब आहे, गुलकंदाचा, वासाचा. त्या गेल्यावर माझ्या इंदूरच्या नणंदेला त्याचं रोप हवं होतं, आईची आठवण म्हणून. मी एप्रिलच्या शेवटी फांद्या कापल्या, बादलीत बुचकळल्या, ओल्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळल्या, वरून प्लास्टिकची पिशवी आणि वरून टेप, अगदी गच्च. सहाव्या दिवशी तिने व्हिडिओ कॉलवर पार्सल उघडलं तर पानं चहाच्या चोथ्यासारखी झालेली, फांदीवरून नुसतं बोट फिरवलं की साल सुटून येत होती, आणि ती म्हणाली वास फुलदाणीत आठवडाभर साचलेल्या पाण्यासारखा येतोय. मग जरा गप्प राहून म्हणाली, वहिनी, पावसाळ्यात परत पाठव. ते मला फार लागलं, कारण ते झाड आता म्हातारं झालंय आणि एकच आहे. तेव्हापासून मी हे नीट शिकून घेतलं, आता दरवर्षी पावसाळ्यात दहाबारा पार्सलं तरी जातात माझ्याकडून.

होतं काय, की कापलेली फांदी जिवंतच असते आणि तिचा श्वास चालू असतो. खोक्यात अंधार, म्हणजे पानाला अन्न बनवता येत नाही, फांदी साठवलेल्यावर जगते, आणि जितकं गरम तितकं ते साठवलेलं पटापट संपतं. त्यात सगळं ओलं असेल तर बुरशीला आणि जिवाणूंना आयतंच घर मिळतं, एक पान सडलं की शेजारचं सडतं. दुसरीकडे पानातून वाफ होऊन पाणी जातच असतं आणि खाली मूळ नाही, म्हणून पूर्ण उघडंही ठेवता येत नाही. या दोन्हीच्या मधलं साधायचं.

हे जुन्या काळी कसं साधलं त्याची गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे डॉक्टर होते, १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोष बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता आणि त्या बाटलीत आपोआप नेचा (फर्न) उगवला. काचेवर जमलेली वाफ पाणी होऊन परत मातीत जायची, वरून पाणी घालायची गरजच नाही. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या, कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर झाडं जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाने चीनमधून चहाची रोपं भारतात आणली ती याच पेट्यांतून. आता कोणी म्हणेल मग बंद पिशवीने आपली फांदी का मेली, तर त्या पेट्यांना काच होती, आत उजेड होता आणि झाडाला मुळं होती. आपल्या खोक्यात यातलं काहीच नाही, म्हणून आपण पानं कमी करतो आणि ओल एका जागी बांधून टाकतो.

आता तुमच्या जास्वंदीचं. फांदी पेन्सिलीएवढी जाड घ्या, अगदी हिरवी लुसलुशीत नको (ती पहिली सडते) आणि जून राखाडी खोडही नको, मधली, जिची साल हिरवट तपकिरी झालीय ती. सहा ते आठ इंच लांब, चारपाच डोळे (जिथून पान फुटतं त्या गाठी) असलेली. आदल्या संध्याकाळी आईला झाडाला पोटभर पाणी घालायला सांगा आणि सकाळी ऊन चढायच्या आत कापा, तेव्हा फांदीत पाणी भरपूर असतं. कात्रीला धार हवी, बोथट कात्रीने फांदी चेंगरते आणि चेंगरलेल्या जागेपासूनच काळं चढायला लागतं. पाती आधी स्पिरिटने पुसून घ्या. खालचा छाट डोळ्याच्या जरासा खाली आणि तिरका, वरचा छाट डोळ्याच्या पाव इंच वर आणि सरळ. तिरका-सरळ कशासाठी, तर नागपूरला बहिणीला वरची बाजू कुठली आणि खालची कुठली ते कळावं म्हणून, पानं काढलेली फांदी खरंच ओळखू येत नाही आणि उलटी लावली की गेली. वरच्या छाटाला मेणबत्तीच्या मेणाचा एक थेंब लावला तर तिथून पाणी उडत नाही, पण मेण जरा निवू द्या मग लावा.

कळ्या असतील तर सगळ्या खुडा, कितीही जिवावर आलं तरी. पानं फक्त शेंड्याची दोन ठेवा आणि तीही कात्रीने अर्धी करा. गुलाब असेल तर मी एकही पान ठेवत नाही, अंजिराचंही तेच.

आणि जास्वंद म्हटली की पिठ्या ढेकूण बघाच बघा. पानाच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी पांढरं कापसासारखं काही दिसलं तर ती फांदी पाठवू नका. बहिणीच्या गच्चीवर बाकीची झाडं असतील, एका फांदीबरोबर गेलेली कीड महिन्यादोन महिन्यांत सगळीकडे होते, मी हे एका ओळखीच्यांच्या बागेत बघितलंय. फांद्या कापायच्या दोनतीन दिवस आधी झाड साबणाच्या पातळ पाण्याने धुऊन घ्या, मग साध्या पाण्याने, आणि कापताना फांदी पूर्ण कोरडी असली पाहिजे. पावसात भिजलेली असेल तर कापून तासभर सावलीत पंख्याखाली ठेवा, ओली पानं खोक्यात घालायची नाहीत म्हणजे नाहीत.

पॅकिंगला मी दोनच गोष्टी वापरते, वर्तमानपत्राची रद्दी किंवा गुटी कलमाला (झाडावरच फांदीला मुळं आणतात ते) लागतं ते मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ. मॉस नर्सरीत मिळतं, पाणी छान धरून ठेवतं आणि लवकर सडत नाही, लांबच्या पार्सलला तेच बरं. भिजवायचं आणि मुठीत जोर लावून पिळायचं, आणखी एकदा पिळायचं. माझी खूण अशी की परत दाबल्यावर एकही थेंब पडायला नको, पण गालाला लावलं तर गार लागलं पाहिजे. बस, एवढीच ओल. ते फांदीच्या खालच्या दोन इंचांना गुंडाळायचं, त्यावर धुतलेल्या दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि रबरबँड, बँड आवळायचा नाही, नुसता धरून ठेवेल इतका. म्हणजे ओल आत राहते आणि वर चढत नाही. प्रत्येक फांदीला वेगळी पोटली केली तर उत्तम, एक सडली तरी दुसरीला लागत नाही. कंटाळा आला तर तीन-तीनची जुडी चालेल, सहाची नको.

मग वरचा भाग कोऱ्या, कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळायचा. त्यावर पूर्ण बंद प्लास्टिक नाही. पार्सल पाचसहा दिवस लागणारं असेल तर मी एक मोठी पिशवी घालते पण तिला दाभणाने दहाबारा भोकं पाडते आणि तोंड फक्त दुमडते. नावं लिहायची तर पोटलीच्या प्लास्टिकवर मार्करने लिहा, कागदाची चिठ्ठी ओलीने विरघळते आणि मग कुठली लाल आणि कुठली पिवळी याचा पत्ता नाही.

खोका पुठ्ठ्याचा कडक हवा. साडीचा चपटा खोका जास्वंदीला अगदी मापात बसतो, चपलांचाही चालतो. पोटल्या खोक्याच्या तळाला टेपने चिकटवा, म्हणजे फांद्या इकडेतिकडे पळणार नाहीत, आणि रिकाम्या जागेत चुरगळलेला कागद भरा. टेप लावायच्या आधी खोका कानाशी धरून हलवा, आत काहीही खुडखुडलं तर अजून कागद हवा. वर बाण काढून 'ही बाजू वर' लिहिण्यात काही अर्थ नाही, पार्सल पोत्यात जातं, उलटंपालटं होणारच, तेव्हा उलटं झालं तरी चालेल असंच बांधायचं.

बटाट्यात फांदी खोचून पाठवायची युक्ती तुम्ही बघितली असेल, बरेच जण सांगतात. मी करून बघितली, आपल्या हवेत बटाटा स्वतःच सडतो आणि फांदीला घेऊन जातो, मला ती अजिबात पसंत नाही. खोक्यात फळंही टाकू नका, बहिणीसाठी चार आंबे टाकावेसे वाटतील पण पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पानं झडतात.

चीक असलेली झाडं मात्र पूर्ण वेगळी, चाफा, अडेनियम, निवडुंगासारखी काटेरी चिकाळ झाडं. त्यांना पाण्याचा थेंबही नको. कापून पाचसात दिवस सावलीत ठेवा, छाट सुकून कडक झाला की नुसत्या कोरड्या कागदात गुंडाळून पाठवा. ड्रॅगन फ्रूटचं पण असंच.

पाठवायचा दिवस पॅकिंगइतकाच महत्त्वाचा. सोमवारी सकाळी कापा, सोमवारीच टाका, म्हणजे रविवार मध्ये येत नाही. शुक्रवारी टाकलेलं पार्सल दोन दिवस कुठेतरी पडून राहतं. गणपती, दिवाळीच्या आसपास टाळाच. मी स्पीड पोस्टच करते, जुन्या सवयीने रजिस्टर मागू नका, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. काउंटरवर आत काय आहे ते खरं सांगायचं. आणि नागपूरला मे महिन्यात नको हो, तिथे पारा ४५ च्या आसपास जातो आणि बंद गाडीत त्याहून जास्त. जुलै-ऑगस्ट हाच काळ, हवेत ओल असते आणि पोचल्यावर फांदी पटकन मुळं धरते.

दुसऱ्या वेळी इंदूरला मी ऑगस्टमध्ये पाठवलं. तेव्हा एका कुरिअरवाल्याने पार्सल नऊ दिवस गोडाऊनमध्ये ठेवलं, मी रोज फोन करत होते, रडायची वेळ आली होती. आठ फांद्यांपैकी दोन वाचल्या. नणंदेने बुडाची पोटली सोडून फोटो पाठवला, तिरक्या छाटाच्या कडेने पांढरे पांढरे बारीक दाणे आले होते, खसखशीएवढे. ती जखम भरत असल्याची खूण असते, मुळं त्याच्याच आसपास फुटतात. बाकीच्या सहांना उशीर भोवला, पण त्याही कुजलेल्या नव्हत्या, नुसत्या वाळलेल्या होत्या. तेव्हा मला खात्री पटली की पॅकिंग बरोबर होतं.

बहिणीला आधीच सांगून ठेवा की पार्सल आलं की त्याच संध्याकाळी उघडायचं. बुडाचा अर्धा सेंटिमीटर ताजा कापायचा (पांढरे दाणे आले असतील तर कापायचं नाही), तासभर साध्या पाण्यात उभं ठेवायचं, मग निम्मी माती-वाळू आणि निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अशा कुंडीत दोन डोळे आत जातील असं लावायचं. वर बूड कापलेली पाण्याची बाटली टोपीसारखी घालायची, झाकण काढून, आणि कुंडी सावलीत. पान गळलं तरी घाबरायचं नाही, खोड नखाने जरासं खरवडून हिरवं दिसलं की जिवंत आहे. तीनचार आठवडे लागतात, मूळ आलं का बघायला उपटायचं नाही.

खाली कुणीतरी विचारलंय की हेच अमेरिकेला मुलीकडे पाठवता येईल का. नाही, असं खोक्यात घालून टपालाने पाठवू नका. झाडाचा कुठलाही जिवंत भाग देशाबाहेर जायला सरकारी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडाला कीड-रोग नसल्याचा दाखला) लागतं आणि तिकडच्या आयातीचे नियम वेगळे. आपल्याकडे येणाऱ्या झाडांनाही २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे तसंच आहे. कीड-रोग जाऊ नयेत म्हणून आहे, आणि पिठ्या ढेकणाचं वर लिहिलंय त्यावरून ते का ते कळेलच.

आणि ताई, एकाच वेळी सगळ्या पाठवू नका. या खेपेला आठ कापा, सहा पाठवा आणि दोन आईकडेच त्याच दिवशी कुंडीत लावायला सांगा. देवरुखच्या दोन जगल्या आणि नागपूरच्या मेल्या तर गडबड वाटेत झाली, दोन्हीकडच्या मेल्या तर फांदीच चुकीची निवडली होती, मग पंधरा दिवसांनी त्याप्रमाणे दुसरी खेप पाठवता येईल. ऑगस्ट संपेपर्यंत वेळ आहे.